विकिपीडियावर नव्याने लिहिणाऱ्या तज्ज्ञांनो, या चुका टाळा

विषयाच्या अभ्यासात उमर घालवलेल्या माणसाने विकिपीडियावरील लेखातली ढळढळीत चूक दुरुस्त करावी आणि टोपणनावाने वावरणाऱ्या कुणा संपादकाने ती दुरुस्ती काही मिनिटांत उलटवावी, म्हणजे जुना मजकूर परत आणावा, हे वारंवार घडते. बहुतेक तज्ज्ञ येथेच चिडून निघून जातात. अशा वेळी आधी लेखाचा ‘इतिहास’, म्हणजे त्यातील बदलांची यादी, उघडून उलटवणाऱ्याने बदलासोबतच्या सारांशात काय कारण दिले आहे ते वाचावे. बहुधा तेथे ‘संदर्भ नाही’ एवढेच लिहिलेले असते.

यावर ‘मी या विषयाचा प्राध्यापक आहे’ असे उत्तर देणे ही सर्वांत सामान्य चूक होय. तेथे पदवी तपासण्याची सोय नाही आणि नुसत्या दाव्यावर विसंबणे महागात पडू शकते. इंग्रजी विकिपीडियावर धर्मशास्त्राचा प्राध्यापक म्हणून मान मिळवलेला एक प्रचालक (विशेष अधिकार असलेला संपादक) प्रत्यक्षात तसा कुणी नव्हता, हे २००७ साली उघड झाले. म्हणून वजन लिहिणाऱ्याला नसते, त्याने दिलेल्या संदर्भाला असते.

मूळ कागदपत्रांवरून स्वतःच निष्कर्ष मांडणे ही दुसरी चूक अधिक खोल आहे, कारण ती संशोधकाच्या उत्तम सवयींतूनच उद्भवते. शिकागोतील १८८६ च्या हेमार्केट बॉम्बस्फोट खटल्यात सरकार पक्षाने आरोपींचा स्फोटाशी संबंध जोडणारा पुरावाच मांडला नाही, असे विधान इंग्रजी विकिपीडियावरील लेखात होते. इतिहासकार टिमोथी मेसर-क्रूझ यांनी खटल्याची मूळ कागदपत्रे अभ्यासून ते काढले, तेव्हा मूळ कागदपत्रे पुरेशी नाहीत, प्रकाशित दुय्यम साधन, म्हणजे त्यांवर आधारित ग्रंथ किंवा लेख, हवे, असे त्यांना सांगण्यात आले. पुढे त्यांचे स्वतःचे पुस्तक प्रसिद्ध झाल्यावर ते पुन्हा गेले, तर हे मत अल्पसंख्य असल्याने त्याला बहुमताइतके वजन देता येणार नाही, असे उत्तर मिळाले. हा अनुभव त्यांनी २०१२ मध्ये लिहून प्रसिद्ध केला. हे उत्तर संतापजनक वाटते, आणि प्रस्तुत लेखकाच्या मते येथे नियमाचा अतिरेक झाला. तरीही ज्ञानकोश नवे मत प्रस्थापित करत नाही, प्रस्थापित झालेले नोंदवतो, हे त्यामागचे तत्त्व योग्यच आहे. अशा ठिकाणी जुने विधान पुसण्याऐवजी ते राहू द्यावे आणि त्यालगत ‘मात्र अमुक इतिहासकाराच्या मते…’ असे नाव घेऊन, पृष्ठक्रमांकासह, एक वाक्य जोडावे. ते सहसा टिकते.

स्वतःच्याच शोधनिबंधांची माळ लावणे हितसंबंधाचे लक्षण मानले जाते. आपला संदर्भ खरोखर आवश्यक असेल, तर तो लेखाला जोडलेल्या चर्चा पानावर सुचवून निर्णय इतरांवर सोडावा. ताज्या निबंधापेक्षा पाठ्यपुस्तक किंवा आढावा-लेख बरा; वैद्यकीय विषयांत तर याबाबत विशेष कसोशी पाळली जाते. आपलाच प्रकाशित मजकूर जसाच्या तसा चिकटवणेही धोक्याचे असते, कारण त्याचे हक्क अनेकदा प्रकाशकाकडे गेलेले असतात, तर विकिपीडियावरील मजकूर कुणालाही श्रेयासह वापरता येईल अशा मुक्त परवान्याखाली जातो.

संपूर्ण लेख एका रात्रीत पुन्हा लिहिण्याचा मोह आवरावा. तीस परिच्छेदांचा बदल तपासण्याइतका वेळ कुणाकडे नसतो, त्यामुळे एका शंकास्पद वाक्यापायी सगळेच उलटवले जाते. धूळपाटीवर, म्हणजे विकिपीडियावरील सरावाच्या पानावर, मसुदा तयार करावा आणि एकेक परिच्छेद, प्रत्येकाचा सारांश लिहून, लेखात न्यावा.

तरीही बदल उलटवला गेला, तर तो लगेच परत घालू नये. इंग्रजी विकिपीडियावर एकाच पानावर चोवीस तासांत तीनपेक्षा अधिक वेळा उलटवणाऱ्याला संपादनास बंदी होऊ शकते, मग त्याचे म्हणणे बरोबर का असेना. चर्चा पानावर ‘दुसऱ्या परिच्छेदातील अमुक विधान या ग्रंथाच्या या पृष्ठाशी जुळत नाही, त्याऐवजी पुढील वाक्य सुचवतो’ एवढे लिहावे. ग्रंथ सहज मिळणारा नसेल, तर त्यातील संबंधित ओळ तेथेच उद्धृत करावी. काही दिवस कुणीच उत्तर दिले नाही, तर त्या चर्चेचा उल्लेख सारांशात करून बदल पुन्हा करता येतो. आक्षेप आला आणि दोघांत एकमत होईना, तर त्या विषयावर लिहिणाऱ्या अन्य संपादकांचे मत मागवावे.