वडिलांची फौजेतली पत्रं घरच्यांना पाठवताय? या चुका टाळा

जुन्या ट्रंकेत निळ्या आंतरदेशीय पत्रांची चळत सापडली, की पहिला हात मोबाइलकडे जातो. माझाही गेला. मजकूर टाइप केला आणि घरच्या ग्रुपवर टाकला.

१९७२ च्या दुष्काळात दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, आजोबांना लिहिलं होतं, ‘मंडळीस खडीच्या कामावर पाठवू नये. मनीऑर्डर करतो.’ नव्या पोरांना कळावं म्हणून मी ‘मंडळीस’चं ‘घरच्या लोकांना’ केलं. अंबाजोगाईच्या बहिणीने ते मायला वाचून दाखवलं. माय म्हणाली, ‘घरचे लोक कुठले रं? मंडळी म्हंजे मी.’ बायकोचं नाव पत्रात घालायची रीत नव्हती. पत्र आजोबांच्या नावे यायचं, गुरुजी ओसरीवर बसून मोठ्याने वाचायचे. चारचौघांत मायसाठी दादांकडे तेवढा एकच शब्द होता, आणि तोच मी पुसला.

म्हणून शब्द बदलू नका. ‘शि. सा. न. वि. वि.’ (शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष) हा मायना, चुकलेली वेलांटी, सगळं जसंच्या तसं उतरवा. अर्थ द्यायचा तर खाली वेगळा द्या. ‘विहिरीला पाणी किती, बैल कसे आहेत’ या ओळी किरकोळ म्हणून गाळू नका. दूर बसलेल्या माणसाचा जीव कशात अडकला होता, ते तिथेच दिसतं.

पत्त्यात ‘५६ एपीओ’ (एपीओ म्हणजे आर्मी पोस्ट ऑफिस) दिसलं तर ते गावाचं नाव समजू नका. तुकडी कुठे आहे हे कळू नये म्हणूनच फौजेत असा पत्ता देतात. त्यावरून ‘दादा तेव्हा सीमेवर होते’ असं ठोकून देऊ नका. पत्रावर तारीख नसेल तर टपालाचा शिक्का भिंगाखाली बघा. फोटो दोन्ही बाजूंचे काढा. जागा संपली की माणसं घडीच्या पट्टीवर आडवं लिहीत, आणि नेमकं तेच सुटतं. व्हॉट्सॲपवर फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर अक्षरं फुटतात.

सगळ्यात आधी मात्र पत्र आईला वाचून दाखवा. कुणाचं कर्ज, भावकीतला बांधाचा वाद, हे निघतंच, आणि त्यातली माणसं आज हयात असतात. भावंडांनाही विचारा: लिहिणाऱ्याच्या मृत्यूनंतर मजकुराचा हक्क सहसा सगळ्या वारसांकडे जातो, एकट्या थोरल्याकडे नाही.

ओलसर वास येतो म्हणून पत्रं गच्चीवर उन्हात घालू नका, शाई उडते. सावलीत, वाऱ्यावर ठेवा. लॅमिनेशन तर नकोच. ते आधीच झालं असेल तर प्लॅस्टिक सोलू नका, कागद त्याच्यासोबत निघतो; आहे तसं स्कॅन करा. जुनी सेलोटेपही ओढू नका. आणि ग्रुपवर चुकीचा मजकूर गेला असेल तर गुपचूप डिलीट न करता दुरुस्ती टाका. मी दुसऱ्या दिवशी टाकली: ‘मंडळी म्हणजे माय.’