पडद्यामागच्या किश्श्यावरून सिनेमा कसा ओळखायचा

ग्रुपवर कुणीतरी टाकतं, "या सिनेमाच्या शूटिंगला असं असं झालं होतं, ओळखा पाहू", आणि मिनिटभरात अर्धा ग्रुप शोले लिहून मोकळा होतो. यावर सगळीकडे एकच सल्ला मिळतो, भरपूर सिनेमे बघा. काही उपयोग नाही त्याचा. भरपूर सिनेमे बघितलेलेच जास्त चुकतात, कारण त्यांना प्रत्येक क्लूवर काही ना काही आठवतंच आणि जे पहिलं आठवलं ते ठोकून देतात.

क्लू शेवटपर्यंत वाचा, पटकन नाव टाकू नका, एवढं धरूनच चालते.

आधी काळ पकडा, हे सोपं आहे. हिरॉइनचं काम पुरुषाने केलं असं असेल तर मूकपटांच्या जमान्यात जा. सिंक साऊंडचं, म्हणजे शूटिंग करतानाच संवाद रेकॉर्ड करण्याचं, कौतुक असेल तर लगानच्या, म्हणजे 2001 च्या आसपास. सगळा सिनेमा ब्लॅक अँड व्हाइट आणि मोजकाच भाग रंगीत म्हटलं तर 1960 चा मुघल-ए-आझम आधी तपासा.

लोकेशनवर मात्र अजिबात विसंबू नका. "शूटिंग वाईला झालं" हा क्लूच नाही! स्वदेसमधलं उत्तर प्रदेशातलं चरणपूर म्हणजे आपली मेणवली, गंगाजलचा बिहार वाईचा, दबंगचं गाव वाईचं आणि चेन्नई एक्सप्रेसमधलं तामिळ गावही वाईतच. बंगळुरूजवळच्या रामनगरचे खडक म्हटले की सगळे शोले म्हणतात, पण ए पॅसेज टू इंडियाचंही शूटिंग त्याच भागात झालंय. जागेवरून यादी थोडी कमी होते, उत्तर मिळत नाही.

आता खरी अवघड पायरी, मलाही सगळ्यात जास्त वेळ हीच जमायला लागला. किस्सा वाचला की आपण आठवणीत तो किस्साच शोधत बसतो, कुठे वाचला होता, कुणी सांगितला होता, कुठल्या मुलाखतीत होता. ते सोडा. त्याऐवजी स्वतःला एकच प्रश्न विचारायचा, हे घडल्यामुळे पडद्यावर काय वेगळं दिसलं असेल? पडद्यामागे अडचण आली की ती पुढे कुठेतरी खूण सोडते आणि ती खूण तुम्ही डोळ्यांनी बघितलेली असते, भले किस्सा आयुष्यात कधी ऐकला नसेल.

म्हणजे बघा, क्लू आहे "यांत्रिक प्राणी खाऱ्या पाण्यात सारखा बंद पडायचा". बंद पडला तर दिग्दर्शक काय करणार, तो दाखवणं टाळणार, नुसतं पाणी, पोहणाऱ्यांचे पाय आणि म्युझिक यावर भागवणार. अर्ध्याहून जास्त सिनेमा प्राणी धड दिसत नाही आणि तरी धडकी भरते असा कुठला? जॉज. "रक्त म्हणून चॉकलेट सिरप वापरलं", तर ते रंगीत सिनेमात चालेल का, नाही ना, म्हणजे ब्लॅक अँड व्हाइट आणि त्यात खुनाचा गाजलेला सीन, सायको. "शिंप्याने शर्ट फारच लांब शिवला", तर हीरोने तो खाली गाठ मारून घातला असणार, आणि गाठ मारलेला शर्ट म्हटलं की दीवारचा अमिताभ डोळ्यासमोर येतोच. "सेन्सॉरने शेवट बदलायला लावला", तर शेवट कुठे जोडल्यासारखा वाटतो ते आठवा, ठाकूर गब्बरला संपवणार आणि नेमके तेव्हाच पोलीस पोचतात. इथे शोले लिहा की खुशाल.

एक जरा कठीण घेऊ. "पांढऱ्या फुलांचं रान गुरांनी खाऊन टाकलं, म्हणून उरलेला सीन पुढच्या मोसमात घ्यावा लागला." घाईत लोक यश चोप्रा म्हणतील, फुलं दिसली ना. पण नीट बघा, एका सीनसाठी पुढचा मोसम येईपर्यंत कोण थांबेल? स्टार्सच्या तारखा घेतलेला निर्माता तर नाहीच थांबणार. म्हणजे पैशाअभावी तुकड्यातुकड्यांत बनलेला सिनेमा, नट ओळखीचे नाहीत, सेट नाही, खरं गाव. आणि पडद्यावरची खूण काय, तर उंच पांढऱ्या तुऱ्यांचं शेत, दोन मुलं आणि लांबून येणारी आगगाडी. पथेर पांचाली, 1955. मला ही पद्धत पूर्णपणे पटते ती यासाठी की किस्सा माहीत नसतानाही उत्तर हाताला लागतं, नाहीतर हा खेळ नुसत्या पाठांतराचा होऊन जातो आणि मग सिनेमा नीट बघणाऱ्याला त्यात काय मजा.

"हा रोल आधी अमक्याला विचारला होता" असल्या क्लूवर फार वेळ घालवू नका. प्रत्येक हिट सिनेमाबद्दल असे चारपाच किस्से फिरत असतात. त्यात ठोस कारण दिलं असेल तरच हात घाला, जसं की व्हिलनसाठी ठरलेला नट तेव्हा अफगाणिस्तानात दुसऱ्या शूटिंगला होता. तिथे शूट झालेले हिंदी सिनेमे थोडेच, त्यातला धर्मात्मा 1975 चा, त्यात डॅनी, आणि त्याच वर्षी त्याच्याऐवजी गब्बर झाला अमजद खान, म्हणजे उत्तर शोले.

दोन नावं उरली तर परत क्लूमधले शब्द बघा, विशेषतः जो शब्द तुम्हाला फालतू वाटला होता तो. "हिरॉइनचं काम पुरुषाने केलं" एवढंच असेल तर राजा हरिश्चंद्र, 1913, तारामती झाले होते अण्णा साळुंके. पण क्लू "हीरो आणि हिरॉइन दोन्ही एकाच पुरुषाने" असा असेल तर तो 1917 चा लंकादहन, नट तेच साळुंके, राम पण आणि सीता पण. दोन्ही सिनेमे फाळकेंचे, दोन्ही मूकपट, फरक एका "दोन्ही"चा.

सरावाला हा घ्या: फायटिंगच्या सीनमध्ये हीरोला खरंच इतकं लागलं की तो मरता मरता वाचला, आणि सिनेमा लागला तेव्हा तोच शॉट मुद्दाम थांबवून प्रेक्षकांना दाखवला. नटाचं नाव चटकन सुचेल, पण उत्तर नटाचं नको, सिनेमाचं हवंय, तेव्हा पडदा कुठे थांबला होता ते आधी आठवा.