पोळी-भात न सोडता: ताटासाठी चांगली कर्बोदकं कशी निवडावीत

वजन वाढलं किंवा रक्तातली साखर थोडी वर दिसली, की ओळखीतलं कुणीतरी लगेच सांगतं, "पोळी-भात बंद कर." हा सल्ला मला मनापासून चुकीचा वाटतो. पिढ्यान्‌पिढ्या धान्यावर पोसलेल्या घरात तो आठवडाभर टिकतो, मग माणूस कंटाळून पुन्हा जुन्या ताटावर येतो. कर्बोदकं शत्रू नाहीत. कोणती घ्यायची, किती आणि कशाबरोबर, एवढंच ठरवायचं आहे. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा गोळ्या चालू असतील, तर मात्र जेवणातलं धान्य एकदम कमी करू नका. औषधाची मात्रा तीच राहिली तर साखर धोकादायकरीत्या खाली जाऊ शकते. अशा वेळी आधी डॉक्टरांशी बोला.

1. आधी कालचं जेवण कागदावर लिहा

सकाळी पोहे, दुपारी पोळी आणि बटाट्याची भाजी, वर आमटी-भात, चार वाजता चहा-बिस्किट, रात्री पुन्हा पोळी-भात. अनेक घरांतला दिवस साधारण असाच असतो. यात पोहे, पोळी, बटाटा, भात, बिस्किट हे सगळं पिष्टमयच. वरण पातळ, पालेभाजी चमचाभर, कोशिंबीर पाहुणे आले तरच. तुमच्या यादीतल्या अशा पदार्थांखाली रेघ ओढा. कुठे एकावर एक थर चढले आहेत ते लगेच दिसेल.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 मध्ये आहाराच्या मार्गदर्शक सूचना काढल्या. 2000 उष्मांकांच्या (कॅलरींच्या) दिवसासाठी त्यांचा हिशेब असा: धान्य 250 ग्रॅम, डाळी-कडधान्यं 85 ग्रॅम (दोन्ही कच्ची), भाज्या 400 ग्रॅम, फळं 100 ग्रॅम, शिवाय दूध-दही, दाणे आणि तेल. धान्यातून मिळणारे उष्मांक 45 टक्क्यांच्या वर जाऊ नयेत, असंही त्यांनी सांगितलं आहे. आपल्या यादीशी हे ताडून पाहिलं, तर बहुतेकांना भाज्या आणि कडधान्यं कमी पडलेली आढळतील.

2. एका जेवणाला एकच मुख्य धान्य

सगळ्यात जास्त फरक या पायरीने पडतो, म्हणून इतर काही जमलं नाही तरी एवढं करा. दुपारी भाकरी किंवा पोळी असेल, तर भात रात्री. भात असेल त्या जेवणात पोळी नको. ज्या दिवशी बटाटा, रताळं किंवा सुरण भाजीत आहे, त्या दिवशी धान्य आणखी थोडं कमी. ताटाचा अर्धा भाग भाजी, पालेभाजी आणि कोशिंबिरीने भरा, पाव भाग वरण, उसळ, दही किंवा मासे-अंडी, उरलेला पाव धान्याला. जेवताना सुरुवात कोशिंबीर आणि उसळीने केली आणि भाकरी-भात मागून घेतला, तर जेवणानंतर साखर तेवढी झपाट्याने चढत नाही.

3. धान्य बदला, पण मोजून

राष्ट्रीय पोषण संस्थेच्याच तक्त्यांनुसार 100 ग्रॅम पांढऱ्या तांदळात तंतू (फायबर) 3 ग्रॅमपेक्षा कमी, मैद्यातही तेवढेच. ज्वारीत सुमारे 10 ग्रॅम, तर बाजरी, नाचणी आणि न चाळलेल्या कणकेत 11 ग्रॅमच्या आसपास. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना दिवसाला किमान 25 ग्रॅम तंतू घ्यायला सांगते. मग ज्वारीच्या भाकरीला आजीच्या काळातली म्हणून बाजूला ठेवण्यात काय शहाणपण? मंगळवेढ्याच्या ज्वारीला तर भौगोलिक मानांकनही मिळालेलं आहे.

एक गैरसमज मात्र काढून टाका. ज्वारीत आणि गव्हात उष्मांक जवळपास सारखेच असतात. मध्यम भाकरीला 50-60 ग्रॅम पीठ लागतं, फुलक्याला 25-30. म्हणजे एक भाकरी दोन फुलक्यांएवढी. भाकरी चांगली म्हणून तीन खाल्ल्या, तर हिशेब तिथेच बिघडतो.

भाकरीचं पीठ थोडं थोडं दळून आणा, आठ-दहा दिवस पुरेल इतकंच. जुन्या पिठाची विरी, म्हणजे चिकटपणा, जाते, थापताना चिरा पडतात आणि मग "आमच्या घरी भाकरी जमतच नाही" असं ठरून जातं. बाजरीत स्निग्धांश जास्त असल्याने तिचं पीठ त्याहून लवकर कडू होतं. थापता येत नसेल, तर पाणी उकळून त्यात पीठ घालून उकड काढा, मळून घ्या आणि पोळीसारखी लाटा. चव तीच येते.

नाचणीत 100 ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या वर कॅल्शियम असतं, ती जरूर आणा. पण सत्त्व आणि भाकरी यांत फरक आहे. सत्त्व करताना नाचणी वाटून कापडातून गाळतात, म्हणजे बरेच तंतू चोथ्यात राहून जातात. सहा महिन्यांपुढच्या बाळाला ते ठीक. मोठ्यांनी भाकरी, घावन किंवा ताकातली आंबील करावी.

गव्हाची पोळीच हवी असेल, तर कणीक चाळून कोंडा फेकू नका. बाजारातल्या 'मल्टीग्रेन' आट्यात बहुतेक वेळा गहूच मोठ्या प्रमाणात असतो. त्यापेक्षा गिरणीत गव्हाबरोबर चार मुठी हरभरे आणि थोडी ज्वारी टाकून दळून घ्या.

4. भात असा खा

कोकणात आणि गोव्यात उकड्या तांदळाची पेज अजूनही घराघरांत होते. तांदूळ सालीसकट उकडला की कोंड्यातली काही ब जीवनसत्त्वं दाण्यात उतरतात आणि नंतर साल-कोंडा काढल्यावरही टिकून राहतात. उकडा किंवा हातसडीचा तांदूळ मिळाला तर उत्तम. नसेल तर आहे तोच तांदूळ घ्या, पण वाटी लहान आणि वरण घट्ट. मुगाची खिचडी करताना डाळ-तांदूळ बरोबरीने घ्या, त्यात मेथी किंवा दुधी ढकला. उरलेला भात तास-दोन तासांत फ्रिजमध्ये ठेवा. रात्रभर ओट्यावर राहिलेल्या भातात विषारी जंतू वाढू शकतात.

5. कडधान्यं रोज

मटकी, मूग, चवळी, वाल, कुळीथ यांतही कर्बोदकं आहेत, पण ती प्रथिनं आणि तंतू सोबत घेऊन येतात, त्यामुळे सावकाश पचतात. दर दोन दिवसांनी एक कडधान्य भिजत घाला, मोड आणा आणि फ्रिजमध्ये ठेवा. सकाळच्या पोह्यांत मूठभर मोड आणि मटार घातले, तर तोच नाश्ता दुपारपर्यंत पोटाला धरून राहतो. मूत्रपिंडाचा आजार असेल, तर प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवा.

6. उपासाच्या दिवशी

साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. त्यात ना प्रथिनं, ना तंतू. वर तूप आणि बटाटा. उपास करणाऱ्यांच्या श्रद्धेला धक्का न लावता तो बदलता येतो: भगर आणि दाण्याची आमटी, राजगिऱ्याचं थालीपीठ, उकडलेलं रताळं, काकडीची कोशिंबीर. भगर मात्र अख्खी आणा, निवडून-धुऊन शिजवा. तयार पीठ जुनं असेल तर त्याला बुरशी लागलेली असू शकते, आणि उपासाच्या दिवसांत भगरीतून विषबाधा झाल्याच्या बातम्या येत असतात.

7. साखर आणि पुड्यावरची यादी

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते वरून घातलेली साखर एकूण उष्मांकांच्या 10 टक्क्यांच्या आत हवी आणि 5 टक्क्यांच्या आत आणली तर अधिक चांगलं. 2000 उष्मांकांना 5 टक्के म्हणजे साधारण 25 ग्रॅम, सपाट सहा चमचे. चार कप चहा, प्रत्येकी दोन चमचे, एवढ्यातच आठ झाले. गूळ आणि मध याच हिशेबात मोजा. फळांचा रसही. फळ चावून खा.

बिस्किट, टोस्ट किंवा ब्रेडचा पुडा उलटून घटकांची यादी वाचा. जो घटक वजनाने सर्वांत जास्त, तो पहिला लिहिलेला असतो. पहिलं नाव 'रिफाइंड व्हीट फ्लोअर' असेल, तर तो मैदा, मग पुड्यावर गव्हाच्या लोंब्यांचं कितीही मोठं चित्र असो. चहाबरोबर त्याऐवजी भाजलेले फुटाणे, शेंगदाणे किंवा ज्वारीच्या लाह्या काढा.