डोक्याला मार लागल्यावर डोळ्यांबाबत या चुका टाळा

गाडीवरून पडून डोक्याला मार लागतो, सीटी स्कॅन नॉर्मल येतो, माणूस घरी येतो. आठवड्याभराने मोबाईलवरच्या ओळी हलायला लागतात, बाजारातल्या गर्दीत गरगरतं, ट्यूबलाइट सोसवत नाही. चष्म्याच्या दुकानात नंबर तपासला तर ६/६! मग घरचे म्हणतात, नाटकं करतोय.

६/६ म्हणजे सहा मीटरवरच्या तक्त्यातली अक्षरं वाचता आली, एवढंच. जवळचं पाहताना दोन्ही डोळे एकत्र आत वळतात का, हे त्यातून कळत नाही. ऑप्टोमेट्रिस्टला, म्हणजे नजर तपासणाऱ्या तज्ज्ञाला, ते मुद्दाम तपासायला सांगा. पेनाचं टोक नाकाकडे आणताना साधारण ५-६ सेंटीमीटरपर्यंत एकच दिसायला हवं. त्याच्या बरंच आधी दोन दिसू लागली, तर कन्व्हर्जन्स इन्सफिशियन्सी, म्हणजे जवळचं पाहताना डोळे पुरेसे आत न वळणं, असू शकते. मात्र उलट्या थांबत नसतील, डोकेदुखी वाढत असेल, बाहुल्या लहानमोठ्या दिसत असतील किंवा गुंगी येत असेल, तर आमच्यासारख्या ऑप्टोमेट्रिस्टकडे नको, थेट इस्पितळात जा.

पडदे ओढून आठवडाभर अंधारात झोपवणं हीसुद्धा चूकच. पहिले २४ ते ४८ तास आराम आणि स्क्रीन कमी. पुढे त्रास फारसा वाढणार नाही इतपत हिंडूफिरू द्या. घरात गॉगल नको. डोळे अंधाराला सरावतात आणि साधा उजेडही खुपू लागतो.

डोळे नीट आत वळावेत म्हणून पेन्सिल नाकाकडे आणायचा व्यायाम यूट्यूबवर बघून सगळेच करतात. अमेरिकेत २००८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात १२ आठवड्यांनी, कन्व्हर्जन्स इन्सफिशियन्सी असलेल्या आणि क्लिनिकमध्ये डोळ्यांच्या व्यायामांची थेरपी घेणाऱ्या सुमारे ७३ टक्के मुलांना फायदा झाला; घरी फक्त पेन्सिल वापरणाऱ्यांत ४३ टक्के. ही मुलं डोक्याला मार लागलेली म्हणून निवडली नव्हती, त्यामुळे हे आकडे दाखवून कोणी मोठं पॅकेज गळ्यात मारत असेल, तर जरा थांबा.

ब्रॉक स्ट्रिंगचा, म्हणजे मणी ओवलेल्या दोरीचं एक टोक नाकाशी धरून करायचा, व्यायाम करताना ज्या मण्याकडे पाहता तिथे दोन दोऱ्या एकमेकींना छेदताना दिसायला हव्यात. फुली मण्याच्या पलीकडे पडली, तर डोळे पुरेसे वळलेले नाहीत. एकच दोरी दिसली, तर मेंदू एका डोळ्याचं चित्र बाजूला टाकतोय. पापण्या मिचकावा, मणी थोडा लांब सरकवा. डोकं दुखायला लागलं की रेटू नका.

चाळिशीनंतरच्या पेशंटनी या काळात नवा प्रोग्रेसिव्ह चष्मा (एकाच काचेत लांबचा आणि जवळचा नंबर) घेऊ नये. कडेचं दृश्य त्यातून डोलतं, चक्कर वाढते. वाचायचा वेगळा, लांबचा वेगळा, असे दोन साधे चष्मे बरे.