शेतातल्या पवनचक्कीला काउन्सिल नकार का देते? ब्रिटनमधल्या अर्जांतल्या या चुका टाळा

ब्रिटनमधला शेतकरी एखादी छोटी पवनचक्की लावायचं मनावर घेतो, तेव्हा बहुधा आधी शेतातल्या सगळ्यात उंच टेकाडावर जाऊन उभा राहतो. वारा तिथे चांगला, म्हणून खांब तिथेच. मग विक्रेत्याचं कोटेशन येतं, बँकेशी बोलणी होतात आणि अगदी शेवटी काउन्सिलच्या प्लॅनिंग विभागाचा अर्ज उघडला जातो. पुढे जे बिनसतं, त्यातलं निम्मंअधिक या उलट्या क्रमामुळेच बिनसतं.

काउन्सिल, म्हणजे तिथली स्थानिक स्वराज्य संस्था, पवनऊर्जेच्या बाजूने की विरोधात, हा मुद्दाच नसतो. इंग्लंडच्या राष्ट्रीय प्लॅनिंग धोरणात लिहिलेलं आहे की अर्जदाराने अशा विजेची गरज सिद्ध करायची नाही, आणि लहान प्रकल्पांचंही कार्बन कमी करण्यात मोल आहे. म्हणून हवामानबदलावर दहा पानं लिहून अर्ज जाड करू नका. २००४ च्या प्लॅनिंग कायद्यानुसार निर्णय स्थानिक विकास आराखड्याला धरून द्यावा लागतो. त्यापासून हटायचं तर तितकंच सबळ कारण लागतं. काउन्सिलचा प्लॅनिंग ऑफिसर बघतो ते इतकंच: हा खांब, या जागी, या आराखड्यात बसतो का, आणि कागद पुरे आहेत का.

हिशोब समजावा म्हणून सगळीकडे एकच यंत्र धरू: खांब १८ मीटर, चक्राचा व्यास १३ मीटर, म्हणजे पात्याचं टोक वर असताना उंची २४.५ मीटर. गोठा, दुधाची टाकी आणि घर यांना हातभार लावेल एवढं.

वारा बघून जागा ठरवणं

ही सगळ्यात महागात पडणारी चूक. आधी नकाशावर जिथे खांब उभा राहूच शकत नाही त्या जागा खोडाव्यात, आणि उरलेल्या जागेत वारा शोधावा.

पहिली काट वटवाघळं मारतात. ब्रिटनमधल्या वटवाघळांच्या सगळ्या जाती संरक्षित आहेत आणि ती झाडीच्या कुंपणांच्या कडेकडेने उडतात. ‘नॅचरल इंग्लंड’ची शिफारस अशी, की पात्याच्या टोकापासून झाडीच्या जवळच्या भागापर्यंत ५० मीटर मोकळे हवेत. बरेच जण हे अंतर खांबाच्या बुडापासून मोजतात आणि तिथेच फसतात. खरा हिशोब असा. ५० मध्ये पात्याची लांबी ६.५ मिळवा, झाले ५६.५, त्याचा वर्ग सुमारे ३१९२. खांबाची उंची १८ आणि झाडीची ३, फरक १५, त्याचा वर्ग २२५. वजाबाकी २९६७, आणि तिचं वर्गमूळ जवळपास ५४.५. म्हणजे पाया झाडीपासून साडेचोपन्न मीटर दूर. कुंपणात १५ मीटरचा ओक असेल तर हेच अंतर ५६.४ होतं. आता दोन्ही बाजूंना झाडी असलेला वावर १०९ मीटरपेक्षा अरुंद असला, तर त्यात खांबाला जागाच नाही. इंग्लंडमधली कितीतरी जुनी वावरं तेवढी रुंद नसतात. हे कळायला कन्सल्टंट लागत नाही, मोजपट्टी पुरते. अंतर कमी पडलंच तर वटवाघळांचा सर्व्हे करून ती जागा ते फारशी वापरत नाहीत हे दाखवता येतं. पण तो सर्व्हे ऋतूवर अवलंबून असतो. हिवाळ्यात अर्ज भरायला बसलात तर उन्हाळ्याची वाट बघावी लागते.

दुसरी काट आवाजाची. ब्रिटनमध्ये यासाठी अजूनही १९९६ ची पद्धत चालते, तिचं नाव ‘ईटीएसयू-आर-९७’. एकट्या पवनचक्कीसाठी तिच्यात एक सोपी वाट आहे: दहा मीटर उंचीवर वाऱ्याचा वेग सेकंदाला १० मीटर होईपर्यंत शेजारच्या घरापाशी आवाज ३५ डेसिबलच्या वर जाता कामा नये. तेवढं दाखवलं तर पार्श्वभूमीचा आवाज आठवडेच्या आठवडे मोजत बसावं लागत नाही. गफलत होते ती विक्रेत्याच्या माहितीपत्रकामुळे. त्यात एखाद्या मंद वाऱ्यातला, ठरावीक अंतरावरचा एकच आकडा छापलेला असतो आणि अर्जदार तोच चिकटवून देतो. पर्यावरण आरोग्य विभागाला हवा असतो वेगवेगळ्या वेगांना झालेल्या चाचणीचा अहवाल. तो नसेल तर ते ‘माहिती अपुरी’ असा शेरा मारतात, आणि त्या शेऱ्यावर नकार देणं ऑफिसरला सगळ्यात सोपं जातं.

ज्या घराला प्रकल्पातून आर्थिक फायदा आहे, तिथे मर्यादा ४५ डेसिबलपर्यंत सैल होऊ शकते. शेतकऱ्याचं स्वतःचं घर त्यात येतं. पण शेतावरचं जुनं घर बाहेरच्या भाडेकरूला दिलं असेल, तर त्याला या फायद्याशी काही देणंघेणं नाही. त्याला शेजारी म्हणूनच धरा. आणि जवळपास दुसऱ्या कुणाची पवनचक्की आधीच फिरत असेल तर दोन्हींचा आवाज मिळून हिशोब द्यावा लागतो, हे विसरू नका.

उरलेल्या दोन काटा झटपट होतात. खांब पडला तर कुठवर पोचेल यासाठी टोकाच्या उंचीत दहा टक्के मिळवायची पद्धत आहे. आपल्या उदाहरणात साधारण २७ मीटर. एवढ्या अंतरात रस्ता, विजेच्या तारा, घर काही नको. फिरत्या पात्यांच्या सावलीचा त्रास ब्रिटनच्या अक्षांशांवर उत्तरेपासून दोन्हीकडे १३० अंशांच्या आतल्या घरांनाच होऊ शकतो, आणि चक्राच्या व्यासाच्या दहापट अंतर, म्हणजे इथे १३० मीटर, हा चाळणीचा रूढ आकडा आहे. दक्षिणेच्या शेजाऱ्याने सावलीची तक्रार केली तर एका वाक्यात उत्तर देता येतं.

‘शेती आहे, परवानगी कशाला?’

इंग्लंडमध्ये काही पवनचक्क्या परवानगीशिवाय लावता येतात हे खरं, पण ती सूट घराच्या आवारापुरती आहे. सुट्या उभ्या यंत्राची उंची फार तर ११.१ मीटर आणि पात्यांनी घेरलेलं क्षेत्र ३.८ चौरस मीटर, म्हणजे व्यास जेमतेम २.२ मीटर. आपल्या यंत्राचं चक्र सुमारे १३३ चौरस मीटर घेरतं. शिवाय घराचं आवार म्हणजे घराला लागून वापरात असलेली जागा. मागचं वावर त्यात येत नाही, मग सातबारा, म्हणजे तिकडची मालकीची कागदपत्रं, एकाच नावावर असोत. गोठ्याला किंवा कोठाराला मिळणारी शेतीची सूटही पवनचक्कीला आपोआप लागू होते असं धरून चालू नका.

१५ मीटरची रेघ

चक्राचा मध्य १५ मीटरच्या वर गेला, किंवा यंत्रं दोनपेक्षा जास्त झाली, की दोन गोष्टी मागे लागतात. पहिली, पर्यावरण परिणामांच्या २०१७ च्या नियमांखालची चाळणी. नाव ऐकून लोक घाबरतात आणि हजारो पौंडांचा अहवाल लागणार असं समजतात. तसं नाही. काउन्सिल फक्त ठरवते की पूर्ण अहवाल हवा की नको. एकट्या छोट्या यंत्राला बहुतेक वेळा ‘नको’ असंच उत्तर येतं. पण ते उत्तर लेखी, फाइलमध्ये हवं. चाळणी न होताच परवानगी मिळाली तर विरोधकाला कोर्टात जायला आयतं कारण मिळतं.

दुसरी, इंग्लंडमध्ये डिसेंबर २०१३ पासून अर्जाआधी गावाशी सल्लामसलत सक्तीची आहे. कुणी काय म्हटलं आणि त्यावरून तुम्ही काय बदललंत, हे अर्जात लिहावं लागतं. बरेच जण पत्रकं वाटून मोकळे होतात आणि दुसरा भाग कोरा सोडतात. खांब वीस मीटर सरकवला, रंग बदलला, तारा जमिनीखालून नेल्या: काहीतरी बदललेलं दिसू द्या. आणि काहीच बदललं नसेल तर का नाही, ते सरळ लिहा.

१८ ऐवजी १५ मीटरचा खांब घेऊन दोन्ही टाळता येतात. वीज थोडी कमी मिळेल. पुष्कळ ठिकाणी हा सौदा परवडतो, असं माझं मत.

देणगीचं आमिष

ही चूक चांगल्या मनाने केली जाते, म्हणून तिच्यावर जरा थांबू. ग्लॉस्टरशायरमधल्या टिडनॅमला सेव्हर्नडेल फार्मवर ५०० किलोवॅटची एकच पवनचक्की प्रस्तावित होती, २५ वर्षांसाठी. उलाढालीतले ४ टक्के गावाच्या निधीला द्यायचं अर्जातच म्हटलं होतं. फॉरेस्ट ऑफ डीन जिल्हा काउन्सिलने ती देणगी जमेस धरून परवानगी दिली. एका स्थानिक रहिवाशाने आव्हान दिलं. हायकोर्टाने परवानगी रद्द केली, अपील कोर्टाने तेच कायम ठेवलं आणि नोव्हेंबर २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही. जमिनीच्या वापराशी संबंध नसलेला पैसा हा निर्णयाचा आधार होऊ शकत नाही, कारण तसं झालं तर परवानगी विकत घेता येईल.

गावाला पैसे द्यायला कुणाची हरकत नाही. ते वेगळ्या कागदावर, प्लॅनिंगच्या फाइलबाहेर ठेवा, आणि काउन्सिलरांसमोर बोलताना त्याचा उल्लेखही टाळा. एखादा काउन्सिलर उत्साहाने ‘गावाला केवढा निधी मिळतोय’ म्हणाला, तर अर्जदाराने खूश व्हायचं कारण नाही. त्या वाक्यावर पुढे वकील पोसले जातात.

हाच नियम विरोधकांनाही लागू आहे. घरांच्या किमती उतरतील, माझ्या खिडकीतलं दृश्य बिघडेल, हे मुद्दे प्लॅनिंगमध्ये टिकत नाहीत. म्हणून दोनशे हरकतींच्या संख्येला भिऊ नका. त्यातली एखादी आवाजाचा आकडा चुकलाय असं दाखवत असेल तर तिला भ्या.

अर्जाच्या शीर्षकात उंची लिहिणं

कारमार्थनशायरमधल्या दोन पवनचक्क्यांच्या परवानगीच्या वर्णनातच ‘टोकाची उंची १०० मीटरपर्यंत’ असं होतं. पुढे कंपनीला १२५ मीटर हवी झाली आणि तिने फक्त अटी बदलून घेण्याचा सोपा मार्ग धरला. २०१९ मध्ये अपील कोर्टाने सांगितलं की त्या मार्गाने अट बदलता येते, परवानगीचं मूळ वर्णन नाही. शेतातल्या छोट्या यंत्राला हे दुप्पट लागू पडतं, कारण छोट्या पवनचक्क्यांचे उत्पादक टिकत नाहीत. २०१९ च्या मार्चअखेर नव्या अर्जदारांसाठी फीड-इन टॅरिफ, म्हणजे छोट्या वीजनिर्मात्यांना ठरावीक दराने पैसे देणारी योजना, बंद झाल्यावर हा बाजार आणखी आक्रसला. वर्णनात मॉडेलचं नाव लिहिलंत आणि ती कंपनीच बुडाली, तर पहिल्यापासून सुरुवात. शीर्षकात ‘एक पवनचक्की आणि अनुषंगिक कामं’ एवढंच सुचवा. मापं नकाशांत असू द्या. काउन्सिल उंची घालायचा आग्रह धरेल, तेव्हा निदान वाद घालून बघा.

जुन्या सल्ल्यावर विसंबणं

१८ जून २०१५ च्या मंत्रिस्तरीय निवेदनाने इंग्लंडमध्ये जमिनीवरची पवनचक्की जवळजवळ अशक्य केली होती: आराखड्यात जागा नेमलेली हवी आणि स्थानिक लोकांचा पाठिंबाही हवा. हे जादा निकष जुलै २०२४ मध्ये काढून टाकले गेले, तरी हरकतींच्या पत्रांत ते अजून भेटतात. नम्रपणे तारीख दाखवून द्या. स्कॉटलंडमध्ये ते कधीच लागू नव्हते. तिथे फेब्रुवारी २०२३ पासून वेगळा राष्ट्रीय आराखडा आहे. वेल्स आणि उत्तर आयर्लंडचे नियमही आपापले. सीमेपलीकडच्या भावबंदाचा यशस्वी अर्ज नक्कल करू नका.

नकाशे आणि फोटो

अर्जाची जागा दाखवणारी नकाशावरची लाल रेघ फक्त पायाभोवती काढणं ही नेहमीची गंमत. क्रेन सार्वजनिक रस्त्यावरून पायापर्यंत ज्या वाटेने येणार, ती वाट रेघेच्या आत हवी, नाहीतर अर्ज दाखलच होत नाही. तीच वाट इंग्लंडमध्ये जैवविविधतेत १० टक्के वाढीच्या अटीतही अडकवते. पाया छोटा असतो. २५ चौरस मीटरपेक्षा कमी अधिवासाला धक्का लागला तर या अटीतून सूट असते, पण नवी खडीची वाट ती मर्यादा सहज ओलांडते. असलेली शेतवाट वापरता आली तर उत्तम.

फोटो ५० मिलिमीटर लेन्सने, शक्य तर पानगळीनंतरचे द्या. मोबाइलच्या रुंद लेन्समध्ये टेकडी बुटकी दिसते आणि ऑफिसर प्रत्यक्ष जागेवर आला की त्याचा तुमच्या सगळ्याच कागदांवरचा विश्वास उडतो. जवळ संरक्षित चर्च किंवा जुना वाडा असेल तर त्याच्या अंगणातूनही फोटो घ्या. नॉर्दम्प्टनशायरच्या बार्नवेल मॅनर प्रकरणात २०१४ मध्ये अपील कोर्टाने म्हटलं, की अशा वास्तूच्या परिसराच्या जपणुकीला ठळक वजन द्यावंच लागतं. तो विषय टाळलेला अर्ज कमकुवत ठरतो.

टोक ११ मीटर किंवा व्यास २ मीटर झाला की संरक्षण मंत्रालयालाही विचारावं लागतं. दक्षिण स्कॉटलंडमध्ये एस्कडेलम्युअर भूकंपमापन केंद्रापासून ५० किलोमीटरच्या आत असाल तर हे सगळ्यात आधी करा.

नकार आल्यावर

नकारपत्रातली कारणं दोन जातींची असतात. ‘माहिती अपुरी’ असेल तर ती माहिती मिळवून नवा अर्ज करा. जागेमुळेच हानी होते असं म्हटलं असेल तर कागद वाढवून उपयोग नाही; खांब हलवा किंवा अपील करा. अपिलात नवे अहवाल घुसवता येतील या आशेवर राहू नका, ते मूळ अर्जातच हवेत. इंग्लंडमध्ये दुसरा अर्ज पूर्वी बहुधा फुकट करता यायचा. ६ डिसेंबर २०२३ पासून ती सवलत गेली.

अपिलाची मुदत इंग्लंडमध्ये निर्णयापासून सहा महिने. स्कॉटलंडमध्ये ऑफिसरने दिलेल्या निर्णयावर स्थानिक फेरविचार मंडळाकडे तीन महिन्यांत जावं लागतं. आठ आठवड्यांत निर्णयच आला नाही तर त्यावरही अपील करता येतं, पण ऑफिसर मुदतवाढ मागत असेल आणि कामाचं काही मागत असेल तर ती द्यावी. परवानगी मिळाली तर साधारण तीन वर्षांत काम सुरू करावं लागतं. ग्रिड कंपनीची मंजुरी हा वेगळा विषय आहे. आपल्या आकाराच्या यंत्राला ती आधी घ्यावी लागू शकते आणि तिला वेळ लागतो, म्हणून तो अर्ज प्लॅनिंगच्या बरोबरच टाका.