रात्री छातीत जळजळ? उशी नको, पलंगाचं डोकं उचला

आडवं झालं की आंबट पाणी घशाशी येतं, म्हणून अनेकजण दोन-तीन उशा रचतात. त्याने फक्त मान वर होते, पोट मुडपतं आणि दाब वाढून त्रास उलट बळावतो. उचलायचं असतं ते कमरेपासून वरचं सगळं अंग.

१. पलंगाला पाय असतील तर डोक्याकडच्या दोन्ही पायांखाली १५ ते २० सेंटीमीटर उंचीचे लाकडी ठोकळे ठेवा. वरून खाच पाडून घ्या, नाहीतर पाय घसरतो. नुसत्या विटा चुरतात.

२. पुण्यातल्या फ्लॅटमध्ये बॉक्सचा पलंग असतो, तो उचलता येत नाही. गादीवाल्याकडून कडक फोमची उतरती पाचर कापून घ्या: लांबी साधारण ६० सेंटीमीटर, जाड बाजू १८. मऊ फोम दबतो, पैसे वाया.

३. डाव्या कुशीवर झोपा.

जेवण झोपेच्या तीन तास आधी. तर्रीची मिसळ सकाळीच बरी.

मात्र छातीत दाब, घाम, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ आली, तर पित्त समजून थांबू नका. लगेच १०८ ला फोन करा.