कर्नल अपडेटनंतर लिनक्स सर्व्हर उठत नाही? आधी /बूट तपासा

ग्रबचा, म्हणजे कर्नल (सिस्टिमचा गाभा) सुरू करून देणाऱ्या बूटलोडरचा, मेनू दिसतोय, पण पुढे 'कर्नल पॅनिक' येऊन रूट फाइलसिस्टिम माउंट होत नसेल, तर ग्रब नव्याने बसवायची घाई नको. बूटलोडर बहुधा ठीकच असतो. 'अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स'मधून जुना कर्नल निवडा आणि आत या.

आता 'डीएफ -एच /बूट' (df -h /boot) चालवून कर्नलच्या फाइली असतात त्या /बूटमध्ये किती जागा उरली ते पाहा. वेगळं, लहान /बूट पार्टिशन जुन्या कर्नलांनी गच्च भरतं आणि नव्या कर्नलची इनिटरामएफएस फाइल (बूट होताना रूट फाइलसिस्टिम माउंट करायला लागणारी) तयारच होत नाही. जुने कर्नल पॅकेज मॅनेजरनेच काढा. 'आरएम'ने (rm) हाताने फाइली उडवल्या की पॅकेजच्या नोंदी तशाच राहतात आणि पुढच्या अपडेटला नवी डोकेदुखी. 'युनेम -आर' (uname -r) दाखवेल त्या चालू कर्नलला मात्र हात लावू नका!

मग डेबियन-उबुंटूवर 'अपडेट-इनिटरामएफएस -सी -के' (update-initramfs -c -k) आणि पुढे नव्या कर्नलची आवृत्ती, त्यानंतर 'अपडेट-ग्रब' (update-grub). रेड हॅटच्या घराण्यात 'ड्रॅकट -एफ' (dracut -f). इथेही '--केव्हर'ने (--kver) आवृत्ती सांगा, नाहीतर तो चालू कर्नलचीच फाइल पुन्हा बनवतो आणि बिघाड जिथल्या तिथे.

रीबूटआधी /बूटमध्ये नव्या आवृत्तीच्या व्हीएमलिनझ (vmlinuz, म्हणजे खुद्द कर्नल) आणि इनिटरामएफएस, दोन्ही फाइली आहेत ना, ते पाहा. सर्व्हर दूर असेल तर रिमोट कन्सोल आधीच उघडून ठेवा.